मोक्षपटावर अक्षरं काढून देणाऱ्या पेंटरकाकांना

पेंटरकाका, सप्रेम नमस्कार.

पट घरी येऊन आठवडा झाला. आईच्या भिशीच्या बायका कवड्या टाकतायत आणि 'मत्सरा'च्या घरात कोण पडलं यावरून हसून लोळतायत. तुम्ही समोर होतात तेव्हा पैसे देऊन 'येतो' एवढंच म्हणालो. राहिलेलं इथे लिहितो, चारचौघांत.

फळ्या जोडून, रंधा मारून सागवानी पट मी केला होता. आठ ओळी, नऊ उभी घरं, एकूण ७२. पण अक्षरांशिवाय ती नुसती सापशिडीच होती. मोक्षपट म्हणजे सापशिडीचं जुनं रूप; हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला असं आपल्याकडे परंपरेने मानतात. त्यातला साप अहंकाराच्या, क्रोधाच्या घरातून खाली नेतो आणि शिडी दयेच्या, भक्तीच्या घरातून वर चढवते. बाजारच्या पटावर नावं गेली, आकडे उरले. म्हणून नावं हवीच होती. एका ठिकाणी लेझरने कोरून घ्यायला गेलो, तर संगणकावर 'मत्सर'मधला त फुटून हलन्त झाला आणि 'वैकुंठ'चा उकार भलतीकडे गेला. 'चालतंय की, वाचता येतंय,' असं वर ऐकावं लागलं.

तुम्ही मात्र यादी वाचलीत आणि आधी 'वैकुंठ' मागितलात. खेळात ते शेवटाकडचं घर, तुमच्या कामात पहिलं! वर दोन मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार. अडीच इंचाच्या घरात हा शब्द बसला की बाकीचे बसणारच. त्यावरून अक्षराची उंची ठरली. मग शिरोरेषा घराच्या मध्यावर न घेता थोडी वर घेतलीत आणि प्रत्येक घरात वेगळी न आखता पटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूचं एकच सूत मारलंत. आज लांबून पाहिलं तरी एका ओळीतली नऊच्या नऊ नावं एका दोरीवर दिसतात.

मला सगळ्याच नावांना वेलबुट्टी हवी होती. तुम्ही ती फक्त शिडीच्या घरांना दिलीत आणि सापांच्या घरांत बोरूने छाटल्यासारखी कोरडी, टोकदार अक्षरं काढलीत. किती बरं झालं! वाचता न येणारी शेजारची चिमुरडीसुद्धा आता कुठलं घर वाईट ते बोटाने दाखवते. 'लोभ'चा ल पाकळीचा आणि 'शांती'चा श देठाचा. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच रूपं सांगितली आहेत. तुमच्या हातात ती त्याच्या कितीतरी आधीपासून असणार. सापही तुम्ही नावं संपल्यावरच काढलेत, अक्षरांना वळसा घालून.

आणि ते चपडीचं, म्हणजे लाखेच्या पातळ पापुद्र्यांचं. सागाला अंगचं तेल असतं, रंग लवकर सुकत नाही, हे मला फर्निचरमुळे ठाऊक होतं. पण अक्षराची कड रेषांतून फुटते ती कशी थांबवायची, ते तुमच्याकडे शिकलो. थिनरने पुसून वर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा पातळ हात, तो सुकला की मगच ब्रश. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब टाकलात, कारण 'सागावर नुसता पांढरा डोळ्यांत खुपतोय'. वरून लॅकर मारायचा माझा बेतही तुम्हीच मोडलात. त्याच्या थिनरने खालचा इनॅमल सुरकुतला असता. मी 'कधी होईल?' म्हणून फोन केला, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'घाई असंल तर फ्लेक्स करून घे की.' त्यानंतर माझा फोन नाही आला, लक्षात असेल.

मजुरी तुम्ही सांगितली तेवढी पूर्ण घेतलीत, हेही आवडलं. 'पोराचं काम आहे, राहू दे' म्हणाला असतात तर मीच अवघडलो असतो. बाबूराव मेस्त्रींचे चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर ज्या कोल्हापुरात झाले, तिथे या हाताला दाम मिळायलाच हवा. फ्लेक्स आल्यापासून तुमच्याकडे दुकानांच्या पाट्या येत नाहीत, हे तुम्ही काम करता करता सांगून टाकलंत. तक्रारीचा सूर नव्हता.

एक काम मात्र बाकी आहे. रंगवलेल्या प्रत्येक पाटीखाली तुम्ही बारीक सही करता आणि माझ्या पटावर ती नाही. उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या आत, जागा मोकळी आहे. रविवारी पट घेऊन येऊ का? भिशीतल्या दोघींनाही असाच पट हवाय, त्यांचं मापही घेऊन येतो.

तुमचा,
मोक्षपटवाला