क्रांजीला जाशील तेव्हा

राजेंद्र नगर, इंदूर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसातले काहीजण नोव्हेंबरात तुझ्या सिंगापुरातल्या क्रांजीच्या युद्धस्मशानात जातात, मीही जाऊ का, असं परवा विचारलंस. जरूर जा. फोनवर आईने मध्येच फराळाचा विषय काढला आणि माझं बोलणं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

पहिलं महायुद्ध 11 नोव्हेंबरला थांबलं, त्याच्या आसपासच्या रविवारी तिथे युद्धांत मेलेल्यांना मानवंदना असते. लोक छातीला लाल कागदी पॉपी लावतात. (आपल्या मंदसौर-नीमचच्या अफूचीच ती लांबची बहीण. आपल्याकडची फुलं पांढरी, एवढंच.) हिरवळीवर ओळीने 4,400 हून जास्त कबरी आहेत आणि त्यांतल्या साडेआठशेंहून अधिक बेनाव. तू तिथेच थांबू नकोस, टेकडी चढून वर जा. वर विमानाच्या पंखासारखं छत असलेलं स्मारक आहे, त्याच्यावर 24,000 हून अधिक नावं कोरली आहेत. त्याच्याही मागे एक लहान स्मारक आहे. ज्यांना आपापल्या धर्माप्रमाणे अग्नी दिला, अशा जवळपास 800 जणांचं. त्यांत बहुतेक हिंदी फौजेतले. तिथे जरा वेळ काढ.

ही जागा आधी जपान्यांनी पकडलेल्या युद्धकैद्यांची छावणी होती, इस्पितळही होतं, आणि मेलेल्या सोबत्यांना पुरायला कैद्यांनीच इथे छोटं स्मशान सुरू केलं. त्याचंच पुढे मोठं झालं. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. दोनच दिवसांनी 40,000 च्या आसपास हिंदी शिपाई गोऱ्यांपासून वेगळे काढून जपान्यांच्या हवाली केले. कुठे, तर फॅरर पार्कच्या मैदानावर. तू कढीपत्ता आणायला जातेस ना लिटल इंडियात, त्याला लागूनच. तिथेच त्यांना आझाद हिंद सेनेत यायची हाक दिली गेली. हजारो गेले, हजारो नाही गेले. न गेलेल्यांपैकी कित्येकांना बोटींत कोंबून न्यू गिनी, न्यू ब्रिटनच्या जंगलांत हमालीला नेलं. तिथे उपासमार, मलेरिया आणि हगवण.

आमचे थोरले काका त्या कैद्यांतले. फौजेच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तू त्यांना पाहिलं नाहीस. लग्नाच्या पंगतीत वरणभात वाढायला आला की ते पानावर आडवा हात धरत. वाढपी नवा असला तर आग्रह करी, मग माझे वडील लांबूनच त्याला खुणेने पुढे जायला सांगत. साडेतीन वर्षं नुसत्या तांदळावर काढलेला माणूस, कुणाला काय समजावणार! नवे पाहुणे मोठ्या उत्साहाने विचारत, "मग नेताजींना जवळून पाहिलंत?" काका म्हणत, "नाही." की संपलं, पाहुणे दुसऱ्या विषयाकडे. लढला नाही, आझाद हिंद सेनेत गेला नाही, मेला नाही. अशा माणसाला पुढे काय विचारायचं हेच आपल्याला कळत नाही.

आपल्याकडे हे जुनंच आहे. मल्हारराव पानिपतावरून जिवंत परतले, त्याचे बोल आजही पुणेकर लावतात आणि आपण इंदूरकर त्यांच्या बाजूने भांडतो. 1971 चे 93,000 पाकिस्तानी कैदी पोराटोरांना पाठ असतात. आपले कोण कुठे कैदेत होते, ते विचारून बघ एखाद्याला.

काकांचं नाव तिथल्या भिंतीवर शोधू नकोस. ते परत आले, इथेच रामबागेत पिकल्या वयात गेले. परतलेल्यांची भिंत कुठेच नसते.

त्याच दिवशी जमलं तर एस्प्लनेडलाही जा. आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची कोनशिला नेताजींनी 8 जुलै 1945 ला तिथे बसवली. सप्टेंबरात इंग्रज परत आले आणि त्यांनी ते स्मारक उडवून टाकलं. 1995 मध्ये त्या जागी फलक लागला. सेनेत गेलेले आणि न गेलेले, दोघांनाही एकाच दिवशी भेटून ये. कोण बरोबर, हा वाद मी काकांसमोर कधी काढला नाही, तुझ्यासमोरही काढणार नाही.

आणि एक काम. अशा स्मशानांत नोंदवही ठेवलेली असते. तीत काही शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव आणि गावही असतं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची गावं दिसली तर ती पानं मला पाठव. फोटो सरळ धरून काढ. देवळाचे पाठवलेस तसे तिरपे नकोत, मला मान वाकडी करून वाचावं लागतं.

तुझा,
बाबा