काउंटरमागे एक स्टूल हवं

महोदय,

लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानात मी विक्रेती आहे. लग्नसराईत दिवसभर उभं राहावं लागतं. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, चपलेचा पट्टा रुततो. पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात, पण ते हलले तरच. एकाच जागी उभं राहिलं की रक्त खाली साचतं. म्हणून गिऱ्हाईक पदर न्याहाळत असताना मी टाचा वर-खाली करते. मालकांना ती चुळबुळ वाटते! केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय कायद्यानेच दिली. आपल्याकडेही स्टूल हवं, आणि अधूनमधून चार पावलं चालायची मुभाही.

– एक विक्रेती, पुणे