उंचीचाही आकडा छापा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील किर्गिझस्तानवरचा लेख वाचला. आपल्याकडे या देशाचे नाव एरवी वैद्यकीय प्रवेशांच्या बातम्यांतच दिसते, त्यामुळे तिथल्या डोंगरदऱ्यांवर कुणीतरी लिहिले याचा आनंद झाला. मुलगी बिश्केकला शिकत असताना तिच्यासोबत मी त्या देशात बरीच फिरले. चलन सोम, घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे, रशियन भाषेवर काम भागते, ही लेखातली माहिती बरोबरच आहे. पण ज्या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन डोंगराळ आहे, त्यावरच्या लेखात एकाही ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, हे फार खटकले.

बिश्केक साधारण ८०० मीटरवर आहे, इसिक-कुल सरोवर १,६०० मीटरवर, तर सोंग-कुल थेट ३,०१६ मीटरवर. आणि लेखात सुचवलेल्या कार्यक्रमात विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच रात्री सोंग-कुलला मुक्काम आहे!

त्या तळ्याकाठी एकही झाड नाही. उन्हाळ्यात मेंढपाळ घोडे-मेंढ्या घेऊन वर येतात आणि नमद्याचे गोल तंबू, म्हणजे युर्ट, उभारतात. आत लोखंडी चुलीत वाळलेले शेण जळत असते. माथ्यावर धूर बाहेर जायला लाकडी चौकटीचे गोल भोक असते, त्याला तुंदुक म्हणतात. देशाच्या झेंड्यावर मधोमध तेच आहे. चूल विझली की जुलैतही हुडहुडी भरते. आम्ही होतो त्या रात्री शेजारच्या युर्टमधल्या एका आजींचे डोके ठणकू लागले, मग उलट्या सुरू झाल्या. त्यांचा गट त्याच दिवशी सकाळी बिश्केकहून निघाला होता. बरोबरची मंडळी ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणत गोळ्या देत राहिली. शेवटी युर्टच्या मालकीणबाईंनीच चालकाला उठवले आणि त्यांना खाली न्यायला लावले. खाली गेल्यावर त्यांना उतार पडला. विरळ हवेच्या त्रासावर खाली उतरण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

खरे तर वाटेतच कोचकोर हे गाव आहे, सोंग-कुलपेक्षा हजारेक मीटर खाली. तिथे एक-दोन रात्री राहून मग वर जावे. वर पोहोचल्या दिवशी घोड्यावर रपेट नको, दारू नको. पाहुणचार म्हणून कुमिस, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, पुढे येते. त्यातही थोडे मद्य असते, तेव्हा घोटभरच घ्यावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. रोख सोम मात्र बिश्केकमध्येच घेऊन ठेवावेत, वर कार्ड चालत नाही.

अशा सहलींना साठी ओलांडलेले प्रवासी मोठ्या संख्येने जातात आणि ते आपल्या पुरवणीवर विश्वास ठेवून बेत आखतात. म्हणून पुढच्या अंकात या ठिकाणांच्या उंचीची एक छोटी चौकट द्यावी आणि लेखातला दुसऱ्या रात्रीचा मुक्काम बदलून छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक