अंकुशकृमीची अंडी मोजून लिहिणाऱ्या लॅबमधल्या ताईंना

ताई,

‘जंतांची अंडी दिसली’ एवढं लिहूनही रिपोर्ट पुरा होतो. तुम्ही मात्र जंत कोणता आणि अंडी किती, हे दोन्ही लिहिता. त्यासाठी मनापासून आभार.

फिकट पडलेल्या मुलाच्या पोटात जंत निघाले, की सगळा दोष जंतांवर टाकायचा मोह होतो. पण रात्री खाज आणणारे बारीक सुतासारखे जंत रक्त पीत नाहीत. अंकुशकृमी (हूकवर्म) आतड्याच्या अस्तराला दातांनी किंवा धारदार पट्ट्यांनी धरून बसतो, आणि तो जागा बदलतो तेव्हा जुनी जखमही वाहत राहते. अंकुशकृमीच्या नेकेटर जातीचा एक कृमी रोज साधारण ०.०३ मिलीलिटर रक्त घालवतो, अँकायलोस्टोमा ही दुसरी जात त्याच्या कितीतरी पट. नेकेटरचे ५० असले तर दिवसाला दीड मिलीलिटर! मिलीलिटरभर निरोगी रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं थोडं आतडं परत शोषून घेतं, बाकीचं गेलंच. गळती चालू असताना नुसतं लोहाचं औषध कितीसं पुरणार?

म्हणून तुमचं घड्याळ आम्हाला मोलाचं वाटतं. अंडी मोजायच्या काटो-कॅट्झ पद्धतीच्या स्लाइडवर ४१.७ मिलिग्रॅम शौच, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेलं सेलोफेन. अंकुशकृमीच्या अंड्याचं कवच इतकं पातळ, की तासाभरानंतर ते ग्लिसरीनमध्ये विरून दिसेनासं होतं आणि रिपोर्ट खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. तुम्ही अर्ध्या तासाच्या आसपास स्लाइड पाहता. ९० अंडी मोजली, गुणिले २४ (४१.७ मिलिग्रॅमच्या २४ पट म्हणजे सुमारे एक ग्रॅम), म्हणजे ग्रॅमला २१६०: मध्यम लागण. तुमच्या या आकड्यामुळे रक्त कुठे जातंय ते कळतं.

पुढचं काम आमचं. जंतांवरचं औषध अल्बेंडाझोल दोन वर्षांवरच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या बाळाला २००, लहानग्यांना कुटून पाण्यातून, नाहीतर गोळी घशात अडकते. सोबत किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह. हे वजन निव्वळ लोहाचं, औषधात लोह ज्या क्षाराच्या रूपात असतं त्या क्षाराचं नव्हे. बाटलीवरचा आकडा वाचताना इथेच चूक होते. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही दोन-तीन महिने औषध चालू ठेवावं लागतं, कारण शरीरातला लोहाचा साठा उशिरा भरतो.

आणि दोन-तीन आठवड्यांनी तपासायला येणारा दुसरा नमुना! मूल हसतंखेळतं झालेलं असतं, तरी तोही तुम्ही पहिल्याइतकाच मन लावून मोजता. गोळी लागू पडली की नाही, ते आम्हाला तुमच्याकडूनच समजतं.

आपले,
बालरुग्ण विभागातले डॉक्टर