लाल आरएस, जीजे-06 नंबरची

प्रिय संजू,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मध्येच बोलायला लागतोस आणि माझं अर्धं राहून जातं, म्हणून बसून टाइप करतोय. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर ताब्यात आहे, बाकी सगळं ठीक. आता ऐक. इथे इंदूरला स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, ती जोरात पळणारी ऑक्टाव्हिया, विकायला आलीये. 2017 ची, आरएस 230, लाल, आणि नंबर जीजे-06. म्हणजे तुझ्या बडोद्याची गाडी रे! घरी सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघतच राहिले की नंबर प्लेटमध्ये एवढं काय, आणि नान्या म्हणाला एवढ्या पैशात नवी स्लाव्हिया येईल भिया. त्याला काय सांगणार. पलासियाला ती जुनी पिवळी ऑक्टाव्हिया आरएस दिसली की आपण क्लास सोडून लूनावर तिच्या मागे जायचो, 1.8 टर्बो, 150 हॉर्सपॉवर, आणि तू मागे बसून ओरडायचास की होंडाची सिटी व्हीटेक हिला खाऊन टाकेल. 106 हॉर्सपॉवरची गाडी! तुझं ते व्हीटेक पुराण मी अजून मान्य केलेलं नाहीये आणि करणार पण नाही.

नवी घेणं आपल्या हातातलं नाही. 2017 ला ही 24.62 लाख एक्स-शोरूम होती, 2020 ची 245 हॉर्सपॉवरवाली देशात 200 च आल्या, आणि 2025 मध्ये जी आली ती फक्त 100 गाड्या, 49.99 लाख, बुकिंगमध्येच संपली. म्हणजे आपल्यासारख्याने आरएस चालवायची तर जुनीच.

स्कोडा टिकते का, हे मला सगळे विचारतायत. इंजिनाची मला तेवढी भीती नाही. हे कंपनीच्या ईए888 इंजिनाच्या तिसऱ्या पिढीचं आहे, 2.0 टीएसआय, 230 हॉर्सपॉवर, 350 टॉर्क. आधीच्या लॉरा आरएसच्या वेळी 1.8 इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा जो ताप होता तो यात बराच निस्तरलाय. गिअरबॉक्स पण सहा गिअरची ओल्या क्लचची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, आहे, ज्या सात गिअरच्या कोरड्या क्लचने लोकांना रडवलं ती नाही. म्हणजे कागदावर गाडी चांगली आहे. पण ही गाडी ज्याने घेतली त्याने ती जोरात पळवायलाच घेतली असणार ना, आणि या गाड्या लोक रीमॅप करतात, लॅपटॉप लावला, इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये, नवीन फाइल टाकली, 230 चे 300 च्या आसपास होतात आणि टॉर्क 400 च्या वर जातो. आणि विकायची वेळ आली की जुनी फाइल परत टाकून, कंपनीचे पार्ट परत लावून उभी करतात. मग मीटर 58 हजार दाखवो नाहीतर 28 हजार, क्लच पॅक आणि टर्बोने जे सोसलं ते मीटरमध्ये दिसत नाही.

मला तीच शंका आहे. सिद्ध करता येत नाहीये आणि डोक्यातून जात पण नाहीये.

बोनेट उघडून टॉर्च लावून बघितलं. टर्बोच्या पाइपांच्या क्लॅम्पवर पान्याचे ओरखडे आहेत, चकचकीत, नवीन. एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू बाकी सगळ्या स्क्रूंपेक्षा स्वच्छ. आता फिल्टर बदलताना डबा उघडतातच, त्याचं काही नाही, पण टर्बोचे पाइप सर्व्हिसिंगला कोण काढतो सांग? डीलर म्हणाला "साहब, वॉशिंग में हुआ होगा". वॉशिंगमध्ये क्लॅम्पला पाना लागतो हे मी आजच ऐकलं.

इंजिन गार ठेवा, मी येऊन स्वतः सुरू करीन, असं आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं. गेलो तर बोनेट कोमट. मी काही न बोलता परत आलो आणि मग एकदा न सांगता सकाळी त्याचं शटर उघडायच्या वेळेला जाऊन उभा राहिलो. तेव्हा खरी गार मिळाली. सुरू केली, आरपीएम वर गेला, हळूहळू खाली बसला, चेनचा खडखडाट नाही, मागे निळा धूर नाही. मी सायलेन्सरपाशी उकिडवा बसून होतो आणि समोरचा चहावाला विचारत होता काही पडलं का. तेवढ्या पाच मिनिटांत मला वाटलं घेऊनच टाकावी.

मग बबलू मेकॅनिक स्कॅनर घेऊन आला. एकही फॉल्ट नाही. आठ वर्षं जुन्या जर्मन पद्धतीच्या गाडीत एकही नाही, किरकोळ सुद्धा नाही! बबलूने लगेच रेडिनेस उघडलं. गाडी स्वतःच्या कॅटॅलिस्टची, ऑक्सिजन सेन्सरची तपासणी चालता चालता करत असते, ती पूर्ण झाली की तिथे तसं दिसतं. इथे सगळं अपूर्ण. म्हणजे कोणीतरी नुकतेच फॉल्ट पुसलेत, किंवा नवी फाइल टाकलीये, किंवा बॅटरी काढली होती. डीलर म्हणतो बॅटरी बदलली, आणि बॅटरी खरंच नवी आहे, त्यामुळे तो खोटं बोलतोय असं मला छातीठोक म्हणता येत नाही. बबलूचं म्हणणं की गाडी दोन-तीन दिवस नीट चालवू द्या, हायवे पण गावात पण, मग परत स्कॅन करू. डीलर महूपर्यंत एक चक्कर मारू देतो, त्याच्यापुढे नाही.

ती चक्कर मारली. राऊ सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, तिसऱ्यात ठेवून दोन हजारांवरून दाबली आणि संजू, ती अशी ओढते की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं, मी काही आणखी लिहीत नाही, तुला कळलंच. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना, इंजिन गार असताना, एक बारीकसा धक्का आहे. गरम झाल्यावर नाही. रिव्हर्समधून डी मध्ये टाकली की क्षणभर विचार करते. डीएसजीचं ऑइल कधी बदललं विचारलं तर डीलर म्हणे ते लाइफटाइम असतं. ओल्या क्लचच्या या डीएसजीचं ऑइल 60 हजारला बदलायचं असतं रे! आता तो धक्का जुन्या ऑइलचा आहे की 400 टॉर्क खाल्लेल्या क्लचचा, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मांडवच्या घाटात तू आप्पांच्या झेनचा क्लच जाळलास आणि आजतागायत म्हणतोस तो आधीच गेला होता. आप्पा पण शेवटपर्यंत म्हणत होते संज्यानेच जाळला. दोघांपैकी खरं कोण ते क्लच उघडूनसुद्धा कळलं नव्हतं, आठवतंय ना.

बाकीचं मला चालण्यासारखं आहे. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं ते प्लास्टिकचं हाऊसिंग या इंजिनात गळतं, इथेही इनटेकच्या खाली गुलाबी कूलंट वाळून त्याची खपली धरलीये, आणि मी टॉर्च मारतोय तोवर डीलरच्या पोऱ्याने फडकं घेऊन ती पुसायला सुरुवात केली, मी त्याचा हातच धरला. ते काम करून घेता येईल, किंमतीतून वजा. मागचे टायर 2217, म्हणजे 2017 च्या बाविसाव्या आठवड्यातले, नक्षी आहे पण रबर दगड झालंय, फेकायचेच. उजव्या फेंडरवर पेंट मीटर रंगाची जाडी दुप्पट दाखवतो आणि बोल्टवरचा रंग तडकलाय, पार्किंगमध्ये घासली म्हणे, बंपरच्या आतला पत्रा सरळ आहे म्हणून मी मानलं. कागदांचं तुझ्या आरटीओकडून एनओसी, फॉर्म 28, मग इथे 29-30 आणि एमपीचा टॅक्स परत भरायचा, तो हिशोब वेगळाच आहे.

आता तुझं काम. आरसीवर पत्ता अलकापुरीचा आहे, तुझ्या दांडिया बाजारपासून किती लांब आहे! फोटो आणि चेसिस नंबर वेगळा पाठवतोय. आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन जुनं रेकॉर्ड निघतंय का बघ, आणि जमलं तर विचार की ईसीयूमध्ये किती वेळा फाइल लिहिली गेलीये ते त्यांना वाचता येतं का. बऱ्याचदा जुनी फाइल परत टाकली तरी तो आकडा तसाच राहतो. मग मालकाला भेट. पोलिसासारखा विचारू नकोस, तुला ती सवय आहे, स्मितावहिनी पण म्हणतात. गाडीचं कौतुक कर, तू आपणहून रीमॅपचा विषय काढ, म्हण की मला पण करून घ्यायची आहे, कोणाकडे करू. ज्याने केली असेल तो गप्प बसूच शकत नाही. तिथे या गाड्यांची कामं करणारी वर्कशॉप दोन-चारच असतील, लाल आरएस त्यांच्या लक्षात असणार.

मुग्धाच्या फाइन आर्ट्सच्या ॲडमिशनचं झालं का? झालं असेल तर पेढे या नालायकाला पण पाठव. बदलीचं काय ते कळव, आणि पाठीचं त्या डॉक्टरला एकदा दाखव, नुसता बाम लावून काही होत नाही.

डीलर रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय. मालक सरळ म्हणाला की हो, केली होती, अमक्याकडे, एवढे दिवस चालवली, तर मी घेईन, डीएसजीचं ऑइल-फिल्टर आणि क्लचचा धोका किंमतीतून कापून. तो नाही म्हणाला आणि वर्कशॉपवाला हो म्हणाला, तर सोडून देईन, कितीही जीव तुटला तरी. शनिवारी रात्री फोन कर, तेव्हा तू बोल, मी ऐकतो.

तुझा,
मुकुंदा