थवा उडवू नका, भरतीची वेळ साधा

मा. संपादक,

थंडीत गोव्यातल्या मोरजीच्या टेंबावर, शापोरा नदीच्या मुखाशी, कुरव (गल) आणि सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांचे थवे वाळूवर उतरतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांच्यावर चालून जाणारे कॅमेरेवाले तिथे हमखास दिसतात. भरतीत नदीकाठचा चिखल पाण्याखाली गेला की चिखल्या, तुतवार हे चिखलात चरणारे पक्षीही वाळूवर येऊन विसावतात. ओहोटी लागली की पुन्हा चारा शोधणे आलेच. विश्रांतीत त्यांना उडवले तर साठवलेली चरबी फुकट जळते, आणि त्यातल्या सँड प्लोव्हर या चिखल्यांना उन्हाळ्यात लडाख-तिबेटचे पठार गाठायचे असते.

खरे तर पाठलागाची गरजच नसते. भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचावे, वाळूवर बैठक मारावी आणि हलू नये. पाणी चढेल तसे पक्षी आपणहून जवळ सरकतात. अमावास्या-पौर्णिमेची भरती अकराच्या आसपास, म्हणजे कडक उन्हात येते. त्यापेक्षा एकादशी-द्वादशी बरी, तेव्हा ती साधारण आठ-नऊला असते. नक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाहावी.

आपला किनारा पश्चिमाभिमुख, त्यामुळे सकाळचे ऊन पाठीमागून मिळते. त्यात थंडीतला पहाटवारा जमिनीवरून वाहतो आणि पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे आपल्याकडेच. दुपारी वारा समुद्रावरून फिरला की सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे! नऊनंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात; लोक उगाच लेन्सला दोष देतात.

उडत्या सुरयासाठी शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद हवे. काळसर पाण्यापुढे पांढरा कुरव असेल तर एक्सपोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) पाऊण स्टॉप कमी करावे, नाहीतर फोटोत पिसे जळतात, म्हणजे नुसती पांढरी दिसतात. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. घरी आल्यावर आधी किंचित ओल्या फडक्याने कॅमेऱ्यावरचा खार पुसावा, मग कोरड्याने. उलट केले तर ओरखडे पडतात.

थव्यातल्या एकाने जरी मान ताठ केली तरी तिथेच थांबावे. सगळे एकदम चालू लागले तर मागे यावे, पुढची पायरी उडण्याचीच असते.

कासवांच्या घरट्यांभोवती वन खाते कुंपण घालतेच. थवे बसतात त्या पट्ट्यालाही नोव्हेंबर ते मार्च दोरी आणि फलक लावावा. कुत्री मोकळी सोडणाऱ्यांनाही तो वाचता येईल.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, पेडणे