आधी शर्ट बदलू दे

फैजपूर,
चंपाषष्ठी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "काय भो, दुकान सोडून फोटोग्राफर झाला काय?" समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून हसण्यावारी नेलं. आज दुकान लवकर बंद केलं. घरभर वांगी भाजल्याचा वास सुटलाय. बामणोदची आहेत, मुद्दाम सांगतो, जीव जळू दे तुझा तिकडे पुण्यात. भरीत होईस्तोवर तुझं उत्तर लिहून टाकतो.

सुरुवात आखाजीला, म्हणजे तुमच्या पुण्याच्या अक्षय्य तृतीयेला झाली. भाच्याने मला फोनवरच्या एका मंडळीत घुसवलं. साठ-एक माणसं, गावोगावची, एकमेकांना कधी न भेटलेली. नियम एकच. रोज एक फोटो, स्वतः काढलेला, खाली दोन ओळी. गुलाबाची फुलं आणि सुप्रभात बंद. म्हटलं, आपल्या घरात दाखवण्यासारखं काय आहे? त्या दिवशी माय मांडे करत होती, तोच फोटो टाकला. खाली लिहिलं, "आमच्याकडचे मांडे."

तासाभरात प्रश्नांचा पाऊस. एवढी मोठी पोळी हातावर फाटत कशी नाही? खापर म्हणजे काय? उलटं का ठेवता? पन्नास वर्षं खातोय रे, पण एकाचंही उत्तर मला येईना. मायला विचारलं, तर आधी ती कपाळाला हात लावून हसली, मग म्हणाली, "बस इथं." कणीक तिने चाळून चाळून घेतली होती आणि इतकी सैल भिजवली होती की बोटाला तार यावी. पुरण भरलेला गोळा तळहातावर घेतला, आणि तो या हातावरून त्या हातावर जाता जाता वाढत गेला. आधी मनगट, मग कोपरापर्यंत. शेवटी तिच्या हातावर जणू ओलं धोतर वाळत घातलंय असं दिसत होतं, आणि त्यातून पलीकडची चूल दिसत होती! मग एका झटक्यात चुलीवर उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर. ती नजर वर न करता म्हणाली, "हाताला भीती कळते. घाबरला की फाटतो." ते मी जसंच्या तसं खाली लिहिलं. आता रोज संध्याकाळी माय विचारते, "काय लिहिलं तुझ्या लोकांनी?"

फजितीही झाली. कोल्हापूरकडचे एक मास्तर आहेत, पक्ष्यांचे नादी. ते म्हणाले, तुम्ही खानदेशातले, तुमचा रानपिंगळा, ते छोटं घुबड, दाखवा. दुकानामागच्या चिंचेवर एक जोडी बसते, तिचा फोटो मी ऐटीत टाकला, "सातपुड्याचा रानपिंगळा". मास्तरांचं उत्तर आलं, "डोकं बघा. ठसठशीत ठिपके आहेत. हा साधा पिंगळा." मग त्यांनीच सांगितलं. रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन ही अमेरिकेची पक्षितज्ज्ञ बाई आणि तिचे सोबती आले, आणि त्यांना तो सापडला कुठे? शहाद्याजवळ! आणि हा बेटा दिवसाउजेडीही फिरतो. शहाद्याला माझी बहीण दिलीय, वर्षातून चार खेपा होतात. आपल्या अंगणातली गोष्ट कोल्हापूरच्या माणसाने सांगावी, थोडी लाज वाटली.

त्याच लाजेने मागच्या महिन्यात चाळीसगावच्या लग्नातून निसटून तिथले फोटोग्राफर केकी मूस यांचं घर पाहून आलो. कॉलेजात असताना त्या स्टेशनवरून आपण किती वेळा मुंबईला गेलो, एकदा तरी उतरलो का? हा माणूस जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर पडला नाही म्हणतात. १९८९ साली गेला. पंजाब मेलच्या वेळेला दार उघडं ठेवून तो कुणाची वाट पाहायचा, तेही लोक रंगवून सांगतात. मला ती गोष्ट तितकी नाही भिडली. त्याचं टेबल भिडलं. टेबलावर चार वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर उजेड असा पाडायचा की बघणाऱ्याला सगळा देखावा खरा वाटावा. आणि मी बोंब मारत होतो की फैजपुरात काढण्यासारखं काही नाही.

पण तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. दिवाळीनंतर एका पिलबागेत केळीची कटाई चालू होती. एक माणूस खांद्यावर घड घेऊन सरीतून येत होता, बनियन चिकाने काळं पडलेलं. तुला माहीत आहे, तो डाग धुऊन जात नाही. उजेड सुंदर होता, मी फोटो काढला आणि टाकला. लोकांनी डोक्यावर घेतला. कुणीतरी तो पुढे पाठवला, फिरत फिरत त्याच्या पोरीच्या फोनवर पोचला. ती कॉलेजात आहे.

चौथ्या दिवशी तो दुकानात आला. भांडला असता तर बरं झालं असतं. काउंटरवर हात ठेवून हळूच म्हणाला, "भाऊ, फोटो काढायचा होता तर सांगायचं होतं. शर्ट घालून आलो असतो." मला काय बोलावं सुचेना. मंडळीतून फोटो काढून टाकला, पण पुढे गेलेला कसा परत आणणार?

रविवारी त्याच्या घरी गेलो. आकाशी रंगाचा इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले, हात मांडीला चिकटवून पोलिसात भरती व्हायला आल्यासारखा उभा. मागे पत्र्याचं दार, उजेड डोळ्यावर. कलेच्या हिशोबाने फोटो पार फसला. तोच मोठा करून घेतला आणि त्याच्या घरी नेऊन दिला. पोरीने तो टीव्हीच्या वर लावला. "मंडळीत टाकू का?" विचारलं, तर तो पोरीकडे बघायला लागला. पोरगी म्हणाली, "नको." नाही टाकला.

तेव्हापासून माझे फोटो कमी झालेत. विचारेपर्यंत उजेड जातो, नाहीतर माणूस म्हणतो, थांब, तोंड धुऊन येतो. चालायचंच.

बरं, कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्यात, हाक येतेय. थंडी आहे तोवर दोन दिवस ये, पुढे वांग्याला ही चव राहायची नाही. आणि तुझ्या गॅलरीतल्या त्या वाळक्या तुळशीचा एक फोटो पाठव. वहिनींना विचारून.

तुझाच,
दुकानवाला